तीन नंबरचं बंदर

३ जाने., शनिवार

बॅगा माळ्यावरून काढल्या. यांनी दोन्हींची चाकं फिरवून बघितली आणि माझ्या बॅगेचं एक चाक नापास केलं. तीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी या घरात काहीही पास व्हायला वेळ लागतो. मी म्हटलं, मला बोटीवर बॅग घेऊन पळायचं नाहीये. "विमानतळावर पळावं लागेल," म्हणाले. जाऊन चाक बदलून आणलं.

२० ला निघायचं. सात रात्री, चार बंदरं. २४ ला तीन नंबर.

त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. घरात आठ वर्षं उच्चारलेलं नाही, मग वहीत तरी कशाला. सहलीच्या पत्रकात ते तिसऱ्या क्रमांकावर आहे म्हणून आम्ही दोघंही आता 'तीन नंबर' म्हणतो. सोय झाली.

५ जाने., सोमवार

सकाळी बागेत चालताना मंजूचा फोन. लेकीची आणि माझी ठरलेली वेळ. हे तेव्हा घरी पेपर वाचत असतात. मला परत यायला उशीर का होतो हे त्यांनी आठ वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

तीन नंबरला गोदी कामगारांचा संप चालू होता, तो चिघळलाय म्हणाली. काल दगडफेक, एक गोदाम जाळलं. तिचं घर बंदरापासून दोनच गल्ल्या आत. "शाळा बंद आहे आई, नील घरात नुसता उड्या मारतोय." नील तिचा मुलगा, साडेचार वर्षांचा. मी त्याला फक्त फोनच्या काचेत बघितलंय.

"बाबांना काही सांगू नकोस." नाही सांगितलं. त्यांच्यापाशी तिचं नावच काढत नाही, तर हे काय सांगणार.

७ जाने., बुधवार

आमच्या बरोबर येणाऱ्या साठे वहिनी, तळमजल्यावरच्या, लिफ्टपाशी भेटल्या. "तुमची मुलगी तिथेच असते ना? मग सरळ विमानानेच का नाही जात तिच्याकडे?" मी म्हटलं, यांना समुद्र आवडतो. साठे वहिनी यांना तीस वर्षं ओळखतात. लिफ्टचं दार धरून उभ्या राहिल्या.

समुद्र आवडतो म्हणे. कोकणात गेलो की किनाऱ्यावर बूट न काढता उभा राहणारा माणूस.

मंजूने तिकडच्या मुलाशी लग्न केलं तेव्हा हे म्हणाले, मी तिच्या दारात पाऊल ठेवणार नाही. ती म्हणाली, बोलावल्याशिवाय मी येणार नाही. दोघंही शब्दाचे पक्के. आणि मी? यांनी मला अडवलं असं मी सगळ्यांना सांगते. यांनी अडवलं नव्हतं. "तुला जायचं तर जा," म्हणाले होते. मीच गेले नाही. घरात रोज उठून कोण वाद घालणार, असं वाटलं. याची मला लाज वाटते, आणि ती अजून कमी झालेली नाही.

गेल्या दिवाळीनंतर यांनीच ते पत्रक आणून टेबलावर ठेवलं. "बोटीने फिरून येऊ कुठेतरी." मी उघडून वाचलं. तिसऱ्या बंदरावर बोट आठ तास थांबते. मी काही बोलले नाही, हेही नाहीत. म्हणजे आपण तिच्याकडे जात नाही. बोट तिथे थांबते, त्याला आपण काय करणार.

९ जाने., शुक्रवार

बातम्यांत तीन नंबर. धूर, उलटलेली गाडी, हेल्मेटवाले पोलीस. यांनी आवाज वाढवला, मग एकदम बंदच केला आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळीच घातलं होतं.

सं. सहल कंपनीच्या खराडीच्या ऑफिसातून सायलीचा फोन. आमचं सगळं तीच बघते, पोरगी गोड आहे. बोट निघणार हे नक्की. तीन नंबरला थांबायचं की नाही ते कॅप्टन आदल्या दिवशी ठरवणार. "नाही थांबलो तर काकू, तो दिवस फुल सी डे. डेकवर गेम्स असतात." ज्यांना नको असेल त्यांना एप्रिलची तारीख बदलून मिळेल. फॉर्मवर दोघांच्या सह्या हव्यात, १७ च्या सं. पाचपर्यंत.

साठ्यांनी आजच एप्रिल घेतला. साठे म्हणाले, "आपण मजा करायला चाललोय, मरायला नाही." हे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." यांचं काय ठरलंय ते कळायला काही मार्ग नाही.

१० जाने., शनिवार

एकटीच तुळशीबागेत जाऊन आले. यांना सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते.

हलव्याचे दागिने घेतले. मुकुट, हार, बाजूबंद, छोटी बासरी. काळं झबलं आधीच शिवून ठेवलंय. सगळं एका डब्यात, डबा शालीत, शाल बॅगेच्या तळाशी.

बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. नीलचं एकदाही झालेलं नाही. जूनमध्ये त्याला पाच पूर्ण होतील. रथसप्तमी या वेळी २५ ला, आणि बोट २४ ला तिथे. बंदराच्या फाटकाजवळ एखाद्या बाकावर बसवून केलं असतं, पाट नसला तरी चाललं असतं. एप्रिल घेऊन मी काय करू?

मंजूच्या बोरन्हाणाचा फोटो आहे. तिच्या डोक्यावर बोरं पडतायत आणि ती तोंड वाकडं करून रडतेय. त्या दिवशी यांनी सकाळी दोन तास बसून बोरं निवडली होती. किडकं एक नको, फार मोठं नको, पोरीला लागेल. शेजारणी हसत होत्या.

१२ जाने., सोमवार

मंजूशी बोलणं झालं. आज आवाज निराळा. संध्याकाळपासून सकाळपर्यंत संचारबंदी, दिवसाही दुकानं अर्धवट उघडी. काल दूध मिळालं नाही.

मी म्हटलं, अगं, बोट तिथे थांबेल असं वाटत नाही. "थांबली तर मी फाटकावर येणार, नीलला घेऊन." म्हटलं, वेडी आहेस का. "आठ वर्षांनी बाबा पाण्याच्या कडेपर्यंत येतायत आई. मी घरात बसून राहू?"

मागे काहीतरी फुटल्याचा आवाज आला. फटाके, म्हणाली. नवरा तिला हाक मारत होता, फोन ठेवला.

बागेतल्या बाकावर बसले. हास्यक्लबवाल्या बायका पलीकडे हात वर करून हसत होत्या. आम्ही गेलो नाही तर ती घरात सुरक्षित राहील. गेलो तर ती पोराला कडेवर घेऊन त्या गर्दीतून येणार. इतकं सरळ आहे, आणि तरी बॅगेतला डबा बाहेर काढायला हात होत नाही. मला नातवाला बघायचंय. आपली इतकी स्वार्थी बाजू या वयात कळावी.

१४ जाने., बुधवार. संक्रांत

गुळाच्या पोळ्या केल्या. पहिल्या दोन फुटल्या. हे म्हणाले, "फुटलेल्या मला वाढ." चांगल्या मूडमध्ये होते. तिळगूळ दिला, मी वाकले, नेहमीसारखं "असू दे, असू दे." घरात दोघंच. पूर्वी मंजू यांच्यासमोर तिळगुळाचा डबा धरून बसायची, यांनी शब्द दिल्याशिवाय उठायची नाही. "आता वर्षभर ओरडायचं नाही बाबा."

दु. सायलीचा फोन. काय ठरलं विचारत होती. अजून नाही, म्हटलं. मग म्हणाली, "आणि काकांना सांगाल का, त्यांचा फोन लागत नाहीये. त्यांनी विचारलं होतं, बोरं नेता येतील का बोटीवर. ताजी फळं नाही चालत. वाळलेली, पॅक केलेली चालतील."

मी गॅस बंद केला.

"काकू, गेल्या आठवड्यात तुम्ही हलव्याचं विचारलंत, काकांनी बोरांचं. दोघं एकदमच का नाही विचारत?"

फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर हे शेजारच्या पोराला पतंगाचा मांजा सोडवून देत होते. त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. रडू आलं, आणि रागही आला. आठ वर्षं, अहो. आठ वर्षं तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत.

सायलीचा निरोप यांना दिला नाही. काय म्हणून देऊ? म्हणजे मग सगळंच बोलावं लागेल.

१६ जाने., शुक्रवार

बोलले. दुसरा मार्गच नव्हता, उद्या पाचपर्यंत मुदत.

चहा झाल्यावर फॉर्म समोर ठेवला. म्हटलं, "मंजू फाटकावर येणार म्हणते. मुलाला घेऊन. तिथे गोळीबार होतोय असं मला वाटतं, ती फटाके म्हणते." एका दमात. नाव घेतलं तेव्हा यांनी चष्मा काढला.

काचा पुसल्या. मग "तिला म्हणावं, येऊ नकोस."

"ऐकत नाही."

"ऐकणार नाहीच ती." हे म्हणताना किंचित हसल्यासारखं वाटलं. मग फॉर्म ओढून घेतला. "मग आपण जायचं नाही. एप्रिल लिही."

पेन दिलं. सही करणार तोच मी म्हटलं, "हे तिला कोण सांगणार?"

"तू. रोज बोलतेस की."

म्हणजे ठाऊक होतं. म्हटलं, "मी सांगितलं तर ती म्हणेल, बाबा ऐनवेळी फिरले. मी कितीही सांगो, तिला तेच वाटणार. आणि तरीही येऊन उभी राहील, बघायला. तुम्हीच सांगायला हवं."

पेन टेबलावर ठेवलं, अगदी फॉर्मच्या कडेला समांतर. "उद्या बघू," म्हणाले आणि चपला घालून खाली गेले. पाऊण तासाने आले. हातात कागदी पिशवी, वाळलेली बोरं. माझ्याकडे न बघता ओट्यावर ठेवली.

१७ जाने., शनिवार

सकाळी मंजूचा फोन आला नाही. बागेत दहा फेऱ्या जास्त मारल्या. घरी आले तर हे दाराशीच. "आला?" नाही म्हटलं.

साडेनऊला यांनी माझा फोन मागितला. खुर्ची खिडकीशी ओढली, पाठ सरळ करून बसले. इंटरव्ह्यूला बसावं तसे. लावला. रिंग नाही. कोणी बाई तिकडच्या भाषेत काहीतरी सांगते, मग तेच पुन्हा. यांनी शेवटपर्यंत ऐकलं. परत लावला, परत शेवटपर्यंत. बातम्यांत आलं, तीन नंबरचं नेटवर्क आणि इंटरनेट सकाळपासून बंद केलंय.

दुपारपर्यंत एकोणीस वेळा लावला. जेवताना शेजारी ठेवला. मी म्हटलं, मेसेज तरी टाका, सुरू झालं की दिसेल. एका बोटाने टाइप करायला वीस मिनिटं लागली, मला दाखवला नाही. एकच खूण उमटली. दुसरी आली का, दर थोड्या वेळाने बघत होते.

चार वाजता सायली. "काकू, एक तास राहिलाय." फोन यांच्याकडे दिला. हे म्हणाले, "आमच्या मुलीला अजून कळलेलं नाही. ती बंदरावर येईल. तिला कळल्याशिवाय मी सही करू शकत नाही." सायली म्हणाली असणार, पण काका, नंतर बदल होणार नाही. "समजलं मला," म्हणाले.

आमच्या मुलीला. मी स्वयंपाकघरात गेले.

सव्वापाचला फॉर्म अजून टेबलावर, कोरा. साठे येऊन डोकावले, "काय, शूर लोक?" यांनी फोन उचलून पुन्हा लावला.

मला भीती वाटते. बोटीवर असू आणि ती येईल. बोटीवर नसू आणि तरी ती येईल, पोराला घेऊन उभी राहील आणि बोटीवरून उतरणाऱ्या माणसांत आम्हाला शोधेल. आज दुपारपर्यंत निदान यातलं काय वाईट ते कळत होतं.

१८ जाने., रविवार

अजून एकच खूण.

बॅगेतून उन्हाळी चपला काढायला गेले तर शाल निराळ्या घडीत. डबा उघडला. दागिने वेगळेच बांधलेले, प्रत्येकाला बटर पेपर, मध्ये कापूस, म्हणजे हलवा घासून तुटणार नाही. मुकुटाचा एक दाणा निसटला होता, तो पाकाने पुन्हा चिकटवलाय. बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत वाळलेली बोरं. एकही किडकं नाही.

डब्याच्या झाकणावर कारखान्यात लावायचे तशी चिठ्ठी, यांच्या तिरक्या अक्षरात. तपासले. तारीख, सही. वर मालाचं नाव लिहायच्या जागी 'नील'.

मुलाचं नाव मी यांना कधीच सांगितलं नव्हतं.

हे खिडकीशी फोन हातात घेऊन बसलेत. ती बाई बोलतेय, हे ऐकतायत. परवा सकाळी सहाची गाडी विमानतळाला. येणार ना तुम्ही, म्हणून ड्रायव्हरचा मेसेज आलाय, माझ्याकडे.