ओल्या तंबाखूचे हात

९ जाने., शुक्र.
आईला आज पुन्हा गरगरलं. खालच्या सॅमसनकाकांचा स्वयंपाक उरकून आली ती भिंत धरतच. दर शुक्रवारचं हे. काका ज्यू; त्यांच्या शब्बाथसाठी, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विसाव्याच्या दिवसासाठी, ती मनुकांचं सरबत करते, आणि त्यातलंच थोडं गुळाबरोबर आटवून, निववून काकांच्या पाइपची तंबाखू मळते. उघड्या हातांनी. बोटं पार तपकिरी. त्याच बोटांनी मला भाकरी वाढायला निघाली. ताट मागे सरकवलं मी.

१० जाने., शनि.
कामोठ्याला आमच्या लॅबमध्ये मॅडमना विचारलं. ओल्या तंबाखूतलं निकोटिन कातडीतून आत जातं, गरगरणारच, म्हणाल्या. म्हणजे पाइप ओढणार ते आणि विष आईच्या अंगात! घरातली पहिली बी.एस्सी. मी, आणि हे माझ्या नाकासमोर चाललंय. येताना हातमोजे आणले. आईला हसू. "ते घालून तंबाखूची वल कशी कलंल मना?"

१४ जाने.
संक्रांत. गोड बोलायचा दिवस, भांडलो. सोड ते काम म्हटलं तर म्हणे, "रांधनारी कोनीबी मिलंल त्यांना. तंबाखू माज्याच हातची लागते."
याचा अभिमान? कशाचा अभिमान धरावा माणसानं!

१६ जाने., शुक्र.
सरळ खाली गेले. आईच्या देखत काकांना सगळं सांगितलं. त्यांनी पाइप खाली ठेवला. त्यांना ठाऊकच नव्हतं, खरंच नव्हतं. "हिराबाई, आजपासून तंबाखूला हात लावायचा नाही. माझं मी बघेन."
जिंकले असं वाटलं. जिन्यात आई झपाझप पुढे. घरात आल्यावर एवढंच: "मना इचारलंस का आदी?"
विषातून हात काढायला परवानगी घ्यायची? आणि ही कुणाच्या बाजूची?

१७ जाने., शनि.
शब्बाथ संपेपर्यंत काका काडी ओढत नाहीत. चांदण्या दिसल्या की तंबाखूची बरणी उघडते. या वेळची त्यांनी काल स्वतः मळलेली. धूर आमच्या गॅलरीत आला, करपलेल्या गुळाचा. मागोमाग खालून खोकला, थांबेचना.
आईनं हातातली मेथी ठेवली. "पाक गरमच वतलाय त्यांनी." चपला घातल्या.
मी दारात. हातमोजे पुढे धरले. उघड्या हातांनी नाही, म्हटलं.
"सर बाजूला, बाय."
सरले नाही.
मग घेतले तिनं. घातले नाहीत, कमरेला खोचले आणि उतरली.
खोकला थांबलाय. खालून दोघांचं हसणं ऐकू येतंय. मला संताप आवरत नाहीये.
आली की आधी तिची बोटं बघणार.