काढ्याचा चोथा

४ मार्च

आधी सगळ्यांची विचारपूस. रुईफेन — सकाळी अर्धी वाटी पेज, वर आंबवलेल्या टोफूचा तुकडा. चौथ्या केमोनंतर आज पहिल्यांदाच बायकोने मागून खाल्लं. मी — गुडघा सोडला तर ठणठणीत. शेजारच्या च्वांग वहिनी — खोकला गेला, बडबड आहे. खिडकीतली लसणाची पात — बोटभर.

काढा नेहमीसारखा. भिजवणं, मग मोठी आच, मग मंद. जन्मभर रेशमाच्या गिरणीत बॉयलर सांभाळला, आच मला कळते. रुईफेन नाक दाबून एका दमात प्यायली. म्हणाली, "म्हाताऱ्या, तुझ्या बॉयलरचं पाणी याहून बरं असेल."

चोथा खाली रस्त्यावर टाकून आलो. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाखाली दुखणं तुडवलं जातं म्हणतात. झाडूवाला चिडतो. चिडू दे.

६ मार्च

संध्याकाळी ती टोपी काढून डोकं पुसते, तेव्हा मी खिडकीची कडी नीट आहे का बघायला जातो. कडी नीटच असते.

११ मार्च

पाचवी केमो झाली नाही. यकृताचे आकडे चढलेत. डॉक्टर थाओ — वयाने आमच्या नातीएवढ्या, आवाज सासूचा — म्हणाल्या, "आकडे उतरल्याशिवाय औषध देणार नाही. घरी काढाबिढा चालू आहे?"

रुईफेन म्हणाली, "छे."

मी चपलांकडे बघत बसलो. मध्ये खंड पडला तर छातीतली गाठ पुन्हा वाढेल का, हे विचारायचं होतं. राहून गेलं.

बसमध्ये म्हटलं, खोटं कशाला बोललीस? तर म्हणे, "खरं सांगितलं असतं तर काढा बंद केला असता त्या बाईने." रोज तोंड वाकडं करून पिणारी हीच!

१२ मार्च

इस्पितळाच्या मागच्या इमारतीत काढा देणारे वैद्य यान बसतात. त्यांना गाठलं. आकड्यांचा कागद बघून कपाळाला आठ्या. "माझ्या औषधांनी सहसा असं होत नाही. चोथा घेऊन ये."

चोथा रस्त्यावर! गुडघा विसरून निघालो. पोचलो तर झाडूवाला दोन दारं अलीकडे आलेला. खाली बसून हातानेच पिशवीत भरला. च्वांग वहिनी गॅलरीतून — "फू दादा, टाकलेलं दुखणं परत घरी नेताय होय?" खालचे सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

वैद्यांनी चॉपस्टिकने एकेक तुकडा बाजूला काढला. "हे माझं. हेही माझं. आणि हे कुणाचं?"

काळपट मुळाची चकती. केस यावेत, काळे राहावेत म्हणून गावाकडे खातात ते मूळ. वैद्य म्हणाले, "पुष्कळांच्या यकृताला हे सोसत नाही. त्यात केमो चालू. कुणी घातलं?"

मी नाही. आणि घरात आम्ही दोघंच.

रुईफेन बांबूचे कोंब सोलत होती. चकती तिच्यापुढे ठेवली.

"तू झाकण ठेवून पेपर आणायला जातोस," ती म्हणाली, "तेव्हा."

"या वयात केसांचं एवढं काय?"

"मला काय करायचेत केस? तुला त्या कडीकडे बघत बसावं लागतं म्हणून."

उरलेले कोंब मी सोलले.

१३ मार्च

दोघं डॉक्टर थाओंकडे. काढ्याच्या चिठ्ठीसकट सगळं सांगून टाकलं. आम्हाला झाडलं. मग वैद्य यानांना फोन लावला आणि त्यांनाही झाडलं — "यापुढे मला विचारल्याशिवाय भांड्यात एक काडीसुद्धा पडायची नाही." म्हातारे वैद्य म्हणाले, बरोबर आहे. तूर्त काढा बंद.

१७ मार्च

काढा नाही तर सकाळ सरत नाही. लसणाला दोनदा पाणी घातलं. रुईफेन ओरडली, "कोंबडीसारखा माझ्या मागे मागे फिरू नकोस."

संध्याकाळी तिचं डोकं मी पुसलं. कानामागे एक तीळ आहे. इतकी वर्षं संसार केला, दिसलाच नव्हता.

२६ मार्च

आकडे उतरले!! पुढच्या आठवड्यात केमो. थाओ बाईंचे दात आज पहिल्यांदा दिसले. काढ्यालाही हो म्हणाल्या — वैद्यांशी बोलून दोन जिन्नस कमी केले, आणि दर आठवड्याला रक्त तपासायचं. काढ्याचं विचारलं रुईफेनने. मी नाही.

१ एप्रिल

पाचवी केमो झाली. नवी नर्स होती. औषधं विचारत गेली. "आजी, काढा कशासाठी घेता? मळमळ? झोप?"

रुईफेनने माझ्याकडे बोट केलं. "याच्यासाठी. समोर आच नसली की हा गॅलरीत जाऊन रडतो. मी नुसती पिते."