काळ्या मांजरीची तीट

चि. स्वरदास,

तू उकिरड्यातून उचलून आणलेल्या अन् नोकरीवर जाताना माझ्यापाशी सोडलेल्या कोळशीले शुगर निघाली. फोनवर तुले बोललो नाही. वाळून पावणेतीन किलोवर आली होती. डॉक्टर म्हणाले, "अंकल, रोज दो इंजेक्शन, आपसे होगा?" म्हटलं, हव! काळी मांजर घरात नको म्हणणारा तुझा बाप आता तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सुई देऊन राहिला, अन् ती ढिम्म हलत नाही.

आज तिले घेऊन काट्यावर चढलो, मग एकटा. फरक साडेतीन किलो!

पण भरल्या अंगाचं बोललं की नजर लागते, म्हणून हे पत्र टाकत नाही. तिच्या कपाळाले तीटही लावली. काळ्यावर काळी दिसत नाही, पण मले माहीत आहे ना.

तुझा बाबा