ठमीचा कार्डिओग्राम

१९ नोव्हेंबर, सकाळी

चि. बंड्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड. पत्र मावशीच्या हाती देतेय, तिला बजावलंय, तू वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतोस. आणि खरं सांगू, तुझ्या घरात फोन वाजवायची मला आता भीती वाटते.

शिवणकाम चाललंय. परवा एका साहेबांच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. ते म्हणाले, "बाई, मी काय दोन्ही हातांनी सलाम ठोकत फिरू?" सगळे हसले. मला मात्र रडू आलं. गोळ्यांनी सुस्ती येते रे, हात गार पडतात, जिना चढताना दोनदा टेकावं लागतं.

गोळ्या कसल्या ते सांगते. मार्चमध्ये शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन पडलं आणि मी मशीनवरच कोसळले. कार्डिओग्राम काढला. दचकलं, एकाएकी काही वाजलं, की माझ्या हृदयाचे ठोके सैरावैरा सुटतात. तेवढ्यात माणूस जाऊ शकतो. दोष रक्तातला, आईबापांकडून येणारा. गोळी त्या ठोक्यांना आवरून धरते, पण एकही चुकवायची नाही. मी दीडशहाणी! सुस्तीला कंटाळून जुलैत तीन दिवस घेतली नाही. चौथ्या दिवशी दाराची बेल वाजली आणि पुन्हा आडवी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आई कशी गेली? म्हटलं, पहाटे फोन वाजला, ती दचकून उठली आणि पडली. त्या म्हणाल्या, "म्हणजे फोन उचलण्याआधीच?"

आधीच, बंड्या. तुझा फोन नंतर मी उचलला. तू परस्पर लग्न केलंस हे आईला कळलंच नाही. तो फोन दूधवाल्याचा असता तरी ती गेली असती. आणि मी अकरा वर्षं चारचौघांत सांगत आले की तुझ्या लग्नाच्या धसक्यानं आई गेली. चुकलं माझं. साफ चुकलं.

आता तुझ्या ठमीचं. मावशी म्हणाली, शाळेची घंटा झाली आणि पोरगी पडली, एकदा ऑगस्टमध्ये, एकदा गेल्या आठवड्यात. तुम्ही म्हणता, अभ्यास टाळायची नाटकं. नाटकं नाहीत रे ती! आजच्या आज तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे ने, कार्डिओग्राम काढ, तुझाही काढ. माझे कागद सोबत जोडलेत, ते दाखव. त्यांना विचारल्याशिवाय तिला सर्दीतापाचीसुद्धा गोळी देऊ नकोस, काही औषधांनी हे बळावतं. गजर लावू नकोस, जवळ बसून हळूच उठव. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर पुष्कळ मुलं धडधाकट मोठी होतात, असं बाई म्हणाल्या.

तू विचारशील, मार्चमध्ये कळलं, मग नोव्हेंबर का उजाडला?

बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सख्खी भावंडं किती? त्यांना ताबडतोब तपासून घ्या." मी म्हणाले, कुणी नाही. तुला बोलवायचं तर आईचं खरं सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्या जिवावर आलं. ठमी दोन्ही वेळा पडली ती त्यानंतर.

मला शिव्या नंतर घाल. आधी तिला घेऊन नीघ.

भाऊ असून "कुणी नाही" म्हणालेली,
तुझी ताई