बिनडुकराचा रस्सा

पाइन बेंड, अलाबामा
६ जून १९९४

थांब. चि. थर्मन, अनेक आशीर्वाद वगैरे सगळं नंतर. आधी मला सांग, फोन कोणी आपटला? मी नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की रश्शाला मैदा किती कप हे ज्याला विचारावं लागतं, त्याला तो खायचा हक्क कोणी दिला. तर तिकडून खाट्! आईने आपल्याला बरंच शिकवलं, पण फोन आपटायला तुला डेट्रॉइटनेच शिकवलं असणार.

(पाकिटावर तल्हा लिहिलंय, ते पोस्टमनसाठी. मुसलमान झालास त्याला वीस-बावीस वर्षं झाली, नाव बदललंस, दाढी राखलीस, सगळं शोभतं तुला. पण पाकीट फाडलं की आत तू थर्मन. शेळीमागे धावत तळ्यात पडलेला.)

आता मुद्दा. नाइमाचं लग्न ठरलं, फार बरं वाटलं. माझी एकच भाची. लग्नाच्या जेवणात धुरी दिलेली टर्कीची बुडं आणि माझा रस्सा ठेवायचा म्हणतोस, तेही पटलं. व्याह्यांना कळू दे आपण कुठले. पण फोनवर तू म्हणालास काय? कृती लिहून पाठव, इथला आचारी करेल. म्हणजे माझा रस्सा हवा, मी नको! वर म्हणे ताईचे गुडघे दुखतात, बसचा प्रवास लांबचा. माझ्या गुडघ्यांचा तुला आत्ताच बरा पुळका आला. दर रविवारी चर्चमध्ये हेच गुडघे टाळ्यांच्या तालावर दोन-दोन तास उड्या मारतात, त्यांना काही होत नाही. खरं कारण मला ठाऊक आहे. मी आले की माझी जांभळी टोपी येणार, माझं गडगडाटी हसणं येणार, आणि चारचौघांत मी तुला थर्मन म्हणणार.

कृती हवी ना? बघते. विचार करते.

लोभ आहे, पण सध्या कुलुपात.
तुझी ताई,
मोझेल

डेट्रॉइट
१३ जून

ती. मोझेलताईस,
तल्हाचा सा. न. वि. वि.

फोन आपटला नाही, हातातून सटकला. तुझ्या भावजयीला, सफियाला विचार. (ती म्हणते आपटला. तिला विचारू नकोस.)

ताई, दोनशे माणसं आहेत. मशिदीच्या हॉलमधलं स्वयंपाकघर मोठं आहे, पण तिथला आचारी मोजमापाशिवाय हलत नाही. आणि नाइमाची होणारी सासू म्हणजे काय सांगू! प्रत्येक पदार्थात काय काय पडतं ते विचारून घेते, आणि उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांत बघते. मी तिला छातीठोक सांगितलं की अलाबामाला माझं घर आहे, तिथे सगळे डुक्कर खाणारे, पण इतकी वर्षं मी तिथे जेवतो आणि डुकराचा कण माझ्या पोटात गेलेला नाही. माझी ताई चर्चवाली असली तरी माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवते. बाईंनी चक्क मान लववली. एवढा मान मला इमामसाहेबांनीही कधी दिला नाही.

आणि खोटं काय आहे त्यात? मी पहिल्यांदा घरी येऊन सांगितलं की आता डुक्कर नाही, तेव्हा आई रडली, अण्णा जेवण टाकून ओसरीत जाऊन बसले. तू मात्र उठलीस, टर्कीची बुडं चुलीवर चढवलीस, आणि म्हणालीस की याचा रुसवा डुकरावर आहे, टर्कीवर नाही ना. मी ते विसरलेलो नाही. दर ऑगस्टला मी येतो तो त्या पातेल्यासाठी. तुझ्यासाठीही, पण आधी पातेलं.

तुझ्या येण्याचं म्हणशील तर ये ना, कोण नको म्हणतंय? फक्त दगदग होईल एवढंच.

लोभ असावा, आणि सोबत मोजमाप असावं.
तुझा,
तल्हा

पाइन बेंड
२० जून

चि. थर्मनला ताईचे अर्धे आशीर्वाद.

अर्धेच. कारण 'ये ना, कोण नको म्हणतंय' याला आमच्याकडे आमंत्रण म्हणत नाहीत. याला म्हणतात दार किलकिलं करून नाक बाहेर काढणं.

पण तुझी नाही, पोरीची अब्रू आहे म्हणून लिहिते. नीट वाच.

आधी बुडं. शहरातली माणसं टर्कीची छाती खातात, ती भुशासारखी कोरडी, आणि सगळी चव जिथे ठाण मांडून बसलेली असते ते शेपटाखालचं बूड फेकून देतात. त्यांना काय बोलणार! बुडं रात्रभर मिठाच्या पाण्यात. मग मागच्या अंगणातल्या पिंपात हिकरीच्या लाकडाची धुरी, जुन्या खोगिराचा रंग येईपर्यंत. ज्वाळ दिसता कामा नये, नुसता धूर. मग कांदा, लसूण, तमालपत्र घालून पाण्यात मंद शिजव. हाडाला बोट लावलं की मांस सुटलं पाहिजे. वरून मीठ नाही! मीठ घालणारा आचारी दिसला तर त्याला माझ्या नावाने एक ठेवून दे. पाणी गार झालं की वर पिवळ्या चरबीचा थर धरतो, तो काढून टाक. मी कुत्र्याच्या भातावर घालते, कसला तुकतुकीत झालाय.

आता रस्सा. आईचा बिडाचा खोलगट तवा तापव. शेगडीच्या मागे आपला कॉफीचा जुना डबा असतो ना, रोज सकाळी बेकन तळलं की उरलेली चरबी गाळून ठेवतो तो, त्यातली चार मोठे चमचे घाल. तिच्यावर तेवढाच मैदा, आणि हलवत राहा. फोन वाजला, वाजू दे. नवरा मेला, मरू दे. रंग बदामी झाला की कांदा, भोपळी मिरची, सेलरी. मग बुडांचं पाणी थोडं थोडं, गुठळी न होऊ देता. मिरपूड सढळ. शेवटी बुडं आत सोड आणि झाकण ठेवून विसरून जा. भाताबरोबर वाढायचं. भाताशिवाय मागणाऱ्याला बाहेर काढायचं.

आणि विहीणबाईंना माझं नाव घेऊन सांग, बायबलवर हात ठेवून सांगते, या पातेल्याच्या वाऱ्यालासुद्धा मी कधी डुक्कर उभं केलेलं नाही.

लोभाचं माप नसतं, मैद्याचं वर दिलंय.
ताई

डेट्रॉइट
२६ जून

ताई,

नमस्कार राहू दे.

तुझं पत्र आलं तेव्हा व्याही जेवायला आले होते. मी म्हटलं, ऐका आमच्या घरची कृती, आणि सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने वाचायला घेतलं. बुडांवर सगळे हसले. आचाऱ्याला एक ठेवून दे यावर तर विहीणबाईसुद्धा हसल्या. मी रंगात आलो. आवाज चढवला. आणि त्या चढलेल्या आवाजात मी वाचलं की रोज सकाळी बेकन तळलं की उरलेली चरबी.

विहीणबाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही, इतक्या हळू.

बेकन कशाचं असतं, ताई? सशाचं?

इमामसाहेबांकडे गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि म्हणाले की अजाणता खाल्लं ते माफ आहे. मग विचारलं, किती वर्षं? मी सांगितलं. त्यांना जोरात खोकला आला. हसू दाबायला खोकले असं मला वाटतं.

माझं मागचं माफ झालं. पण आता मला कळलंय. कळल्यावर माफी नाही. लग्नात कोंबडी ठेवली आहे. ऑगस्टमध्ये मी येणार नाही.

तल्हा

पाइन बेंड
१ जुलै

चि. तल्हासाहेब,

बघ, लिहिलं तुझं नवं नाव. पत्राच्या आत. आता झालं समाधान?

चरबी म्हणजे चरबी! डुक्कर म्हणजे ज्याला चार पाय आणि एक शेपूट असतं ते. डब्याला कुठे पाय आहेत? त्या डब्यात आपण भेंडी तळली, मक्याचा पाव भाजला, तुझ्या फाटलेल्या टाचांना तीच लावली, अण्णांच्या बुटांना तीच. मला कधी वाटलंच नाही की तो डबा म्हणजे डुक्कर. तो डबा होता. मीठ असतं तसा. तू एवढा शहाणा, पुस्तकं वाचणारा, दर ऑगस्टला त्याच शेगडीसमोर खुर्ची टाकून बसायचास, डबा तुझ्या नाकासमोर. तू कधी विचारलंस? नाही विचारलंस. कारण ताटावर वाकलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत. तिसऱ्यांदा भात मागताना तुझं सोवळं कुठे जायचं रे?

आणि कोंबडी! मुलीच्या लग्नात कोंबडी! दवाखान्यातल्या जेवणासारखी.

नको येऊस. आई नाही, अण्णा नाहीत, या घरात तुझ्याशिवाय मला कोणी ताई म्हणून हाक मारणारं उरलेलं नाही, बाकी सगळे बाई म्हणतात. पण तू नको येऊस. मी ऑगस्टमध्ये पिंप पालथं घालून त्यावर कुंडी ठेवेन.

लोभ बिभ काही नाही.
मो.

डेट्रॉइट
७ जुलै

ती. वन्संना,
सफियाचा सप्रेम नमस्कार.

तुमचे भाऊ लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. तुमचं पत्र ते खिशात घेऊन हिंडतात आणि कोणी पाहिलं की बिल आहे म्हणून सांगतात.

वन्सं, मी डेट्रॉइटची खरी, पण माझी आजी जॉर्जियाची. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या उंबऱ्यात आले तेव्हाच तो वास मला कळला. रश्शात होता, भाजीत होता, मक्याच्या पावात होता. म्हणून मी तुमच्याकडे कधी जेवले नाही. तुम्ही मला खडूस म्हणायचात, शेजारणीला सांगायचात की शहरातली भावजय चिमणीएवढं खाते. माझ्या कानावर आलं होतं. माझ्या पर्समध्ये उकडलेली अंडी असायची. तुमच्या न्हाणीघरात उभं राहून मी किती अंडी खाल्ली असतील याला हिशोब नाही.

यांना का नाही सांगितलं? पहिल्यांदा सांगणारच होते. पण माझ्या हातचं वर्षभर निमूट गिळणारा माणूस तुमच्या ताटावर बसून गुणगुणत होता. वाटलं, हे कळलं तर हा परत इथे येणार नाही, आणि मग याला बहीण उरणार नाही. मला ते सोवळं फार महाग वाटलं.

परवा यांना हे सगळं सांगितलं. ऐकून खुर्ची ओढून बसले. मग विचारलं, मक्याच्या पावातही? म्हटलं, हो. भाजीत? म्हटलं, भाजीत तर सगळ्यात जास्त. मग तू काय खायचीस, म्हणाले. मी अंड्यांचं सांगितलं. तेव्हा हसले, तुमचं ते पत्र आल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसले, आणि म्हणाले, कांदा होता.

कोंबडी चाखून पाहिली. तुमचं म्हणणं बरोबर आहे. दवाखाना.

आमच्या गल्लीतला खाटीक टर्कीची बुडं फेकून देतो. मी त्याला ती राखून ठेवायला सांगितलं आहे. चार खोकी होतील. पण धुरी पोस्टाने येत नाही, वन्सं. ती द्यायला माणूस यावं लागतं. सोबत लग्नाची पत्रिका आहे. तुमचं नाव यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि टपालात टाकायला मला लावलंय.

डबा मात्र घरी ठेवा. आणि तवाही. तुमच्या आईंच्या तव्याने इतकी वर्षं तीच चरबी प्यायली आहे. रागवाल, तरी लिहिते.

तुमचा लोभ मला कधी मिळाला नाही, म्हणून तो वाढवा असं म्हणत नाही. सुरू करा.
सफिया

पाइन बेंड
२० जुलै

चि. थर्मन आणि चि. सफिया, दोघांना पूर्ण आशीर्वाद.

सफिया, तुला आधी. न्हाणीघराच्या खिडकीखाली अंड्यांची टरफलं सापडायची. मी इतकी वर्षं कोल्ह्याला शिव्या घालत होते. तू भलतीच पक्की निघालीस. तुला उगीच चिमणी म्हटलं.

आईचा तवा आणू नका हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्या पत्राने शेगडी पेटवली असती. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तवा मांडीवर घेऊन बसले, मग धुऊन खिळ्याला टांगला. दुकानातून नवा बिडाचा तवा आणलाय, टकल्यासारखा चकचकीत. रोज संध्याकाळी तेल लावून भाजतेय. आत्ता कुठे काळा पडायला लागलाय, अजून माझ्याशी सलगी नाही.

थर्मन, आता तू ऐक. नव्या तव्यात बुडांचीच चरबी घालून रस्सा केला. तीच, पाण्यावरची, जी मी कुत्र्याला घालत होते! म्हणजे इतकी वर्षं तुला जे चालतं ते कुत्र्याने खाल्लं आणि कुत्र्याला जे चालतं ते तू खाल्लंस. मला शिकवायला कोणी नव्हतं आणि तुला विचारायला तोंड रिकामं नव्हतं. कुत्रा आता माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

रस्सा चर्चमधल्या बायकांना वाढला. ताटं पुसून खाल्ली. चांगला झालाय. पण तसा नाही झाला. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, तुला सांगते. पहिल्या घासाला तुला कळेल काय गेलंय ते. ते तुला आता जन्मात मिळणार नाही, आणि चेहऱ्यावर दाखवायचीही सोय नाही, कारण समोर विहीणबाई बसलेल्या असतील. त्यांना कृतीतलं अक्षर न् अक्षर मी स्वतः सांगणार आहे, डोळ्यांत बघून, टोपी घालून. तू मान खाली घालून जेव आणि गुणगुण. शेजारी सफिया बसेल, माझ्या हातचं पहिल्यांदा जेवायला. तिला भात मी वाढेन.

हिकरीची लाकडं गोणपाटात बांधली आहेत. बसवाल्याने विचारलं तर सांगेन, म्हातारीच्या काठ्या आहेत, जरा जास्त आणल्यात. हे पत्र आता बसथांब्यावरच्या पेटीत टाकते. तुमच्या दारात पडेल तोवर मी तुमच्या मागच्या अंगणात धूर करून बसलेली असेन, तेव्हा नको म्हणायचं असेल तर तिथे येऊन तोंडावर म्हण. उत्तर लिहू नकोस, घराला कुलूप आहे.

बस आली. सरक बाजूला, मी चढतेय.

मोझेल