हाकललेल्या माणसाचं विवरणपत्र

७ एप्रिल
तिकडच्या कर खात्याचं पत्र! सहा महिन्यांपूर्वी याच सरकारने मला दोन शिपायांच्या मध्ये बसवून विमानाने घरी धाडलं. आता विचारतंय — गेल्या वर्षीचं विवरणपत्र का भरलं नाही? वहिनी म्हणाल्या, "हाकलून दिलं तरी आठवण काढतात बघा!" दादा हसला. मला नाही आलं हसू. तिकडे राहायचा परवाना संपला होता, कबूल. पण कर अकरा वर्षं वेळेवर भरला.

९ एप्रिल
वकिलांना फोन केला. "भराच. थकबाकी दिसली तर पुढे व्हिसाचा अर्ज कोणी उघडूनसुद्धा बघणार नाही." बायको आणि छकुली तिकडेच. म्हणजे भरायलाच हवं.

१६ एप्रिल
साइटवर शिरायला ओटीपी लागतो. तो येतो माझ्या तिकडच्या मोबाइलवर. तो मोबाइल मला पकडताना त्यांनीच काढून घेतला! हेल्पलाइनवर पन्नास मिनिटं सनईसारखं संगीत ऐकलं. मग एक बाई — "तुम्ही स्वतः कार्यालयात येऊन नंबर बदला." म्हटलं, बाई, आलो तर तुमचेच लोक धरतील. "ते खातं वेगळं, सर."

२ मे
छापील फॉर्म मागवला. आता लॉन्ड्रीचा पगाराचा दाखला हवा. तिथे मी हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या मशीनला लावायचो. फोन उचलत नाहीत. मेहुण्याला म्हटलं, जाऊन आण. बायकोचा धाकटा भाऊ, तिच्याकडेच राहतो. तर म्हणतो, "जाऊ द्या ना भाऊजी. ते काय तुम्हाला शोधत येणार आहेत?" आळशी कुठला! स्वतःकडे परवाना नाही, म्हणून सरकारी कागद दिसला की घाम फुटतो.

३ मे
काही केलं नाही. वहिनींवर उगाच ओरडलो.

२३ मे
दाखल्याची प्रत शेवटी खात्यानेच पाठवली. नऊ ऑक्टोबरला हाकललं मला. दाखल्यात पगार डिसेंबरअखेरपर्यंत! ओव्हरटाइमसकट! त्यावरचा कर, दंड, व्याज — सगळं माझ्या डोक्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी! दादा म्हणाला, "माझ्या दुकानात वर्षभर काचा कापल्यास तरी फिटायचं नाही."

बायकोला सांगितलं. तिने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग — "हळूहळू भरून टाकू. मी पाठवते." कुठून पाठवणार? अर्धवेळची नोकरी! "तू वाद घालू नकोस," एवढंच धरून बसली. भांडलो. छकुलीशी बोलायचं राहूनच गेलं.

२६ मे
वकील म्हणाले, हरकत घ्या. हद्दपारीच्या कागदाहून मोठा पुरावा कोणता? वा! ज्या कागदाने वाट लावली, तोच कामी आला. लिहिलं — ऑक्टोबरनंतरचा पगार माझा नाही. माझ्या नावावर लॉन्ड्रीत कोण काम करतंय, याची चौकशी व्हावी.

दादाने वाचलं. "शेवटचं वाक्य कशाला? आपलं काम झालं की पुरे."

असू दे म्हटलं. माझ्या नावाने खोटे पगार दाखवतो तो मालक. होऊ दे एकदा शोभा! रजिस्टर पोस्टाने पाठवून आलो.

११ जून
उत्तर नाही.

२० जुलै
जिंकलो! हरकत मान्य, थकबाकी शून्य. वहिनींनी शेजारच्या चार घरांत सांगितलं. दादाने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. बायकोला तीनदा फोन लावला. उचलला नाही.

२२ जुलै
बायकोचा फोन. लॉन्ड्रीवर धाड पडली. माझ्या नावावर मेहुणाच काम करत होता — मी गेलो त्याच आठवड्यापासून. घरभाडं, छकुलीची शाळा, सगळं त्यातून. त्याला परवाच्या विमानाने इकडे पाठवताहेत. रडली नाही. एवढंच विचारलं, "तू जाशील ना त्याला घ्यायला?"