दुर्बिणीत सरळ

४ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! तीन खेचरं, दोन तंबू, तिघं माणसं. नकाशावर इथे नुसती कोरी जागा, ती आम्ही भरणार. मावशीचा मुलगा, म्हणजे माझा दादा, पलीकडे उंच मोजपट्टी धरतो; साहेब दुर्बिणीतून तिच्यावरचे आकडे वाचतात; मी वहीत उतरवतो. शाळेला कंटाळून पळालेल्याला वहीचं काम, गंमतच! दादा म्हणाला, भिंगरी, इथे तरी महिनाभर टिक रे बाबा. दोघं बरोबरच परतू, असा मावशीला शब्द दिलाय.

६ ऑक्टोबर
या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. डोंगर छताला टांगलेले, दादा वटवाघळासारखा. म्हणून पट्टीवरचे आकडे मुद्दाम उलटे रंगवलेत, आत सरळ वाचता येतात. नुसत्या डोळ्यांना दरीपलीकडचा दादा मुंगीएवढा. मध्येच एक गरुड दिसला, त्याच्यामागे दुर्बीण फिरवत बसलो. साहेबांच्या शिव्या खाल्ल्या.

११ ऑक्टोबर
थंडीने बोटं बधिर. दादाच्या मागे वीसेक पावलांवर कुणीतरी उभं. दादा नेहमीसारखा उलटा, तो मात्र दुर्बिणीत सरळ. म्हणजे तिकडे तो डोक्यावर उभा असणार. साहेब म्हणाले, काचेवर दव असेल, पूस. पुसली. होताच.

१३ ऑक्टोबर
दहा पावलं. जेवताना दादाला सांगितलं. म्हणाला, बरंय की, तेवढीच सोबत. मीही हसलो. भीती वाटायला हवी होती. बोटांसारखंच झालंय आत.

१४ ऑक्टोबर
एक पाऊल. झेंडा हलवून दादाला परत बोलवणार होतो. साहेब म्हणाले, एवढा आकडा होऊ दे. लिहिला. सात पूर्णांक बेचाळीस. मान वर केली, दुर्बिणीत पाहिलं—
कड्यावर एकच माणूस. दादाची टोपी, दादाचा कोट. सरळ.
साहेबांना दाखवलं. म्हणाले, सरळ तर उभा आहे. मग एकदम खेचरांकडे धावले.

१४, दुपार
साहेब खेचरं घेऊन उतरले. मलाही ओढत होते. मावशीला काय सांगू— थांबलो. तो दरी ओलांडून वर येतोय.

दुर्बीण नको आता. नुसत्या डोळ्यांनी दिसतोय. भिंगरी, भिंगरी करतोय. आवाज दादाचाच, पण जमिनीलगत— केस गवतावर घासताहेत— पाय वर, आभाळात चालल्यासारखे—

हात दे म्हणतो. मी डावा पुढे केलाय, उजव्याने लिहितोय. बधिर बोटांना काही कळत नाही, धरलाय की—